मातृदिनाची तारीख कुणी हलवली

२ फेब्रुवारी, सोमवार

मेट्रनबाईंनी बोलावून घेतलं. प्रसूतिगृहाचा मातृदिन यंदा चाळिसावा, म्हणून स्मरणिका निघणार. 'आपल्या मातृदिनाची परंपरा' या विषयावर एक पान मी लिहायचं. का, तर रेकॉर्ड रूमच्या किल्ल्या माझ्याकडे असतात आणि माझी भाषा 'बरी' आहे. एक पान म्हणजे एकच, तेही फोटोला जागा सोडून. कार्यक्रम नेहमीप्रमाणे मेच्या दुसऱ्या रविवारी.

मला हा दिवस आवडत नाही, हे निदान इथे तरी लिहायला हरकत नाही. कर्मचाऱ्यांपैकी ज्या स्वतः आई आहेत त्यांना स्टेजवर बोलावून गुलाब देतात. परडी धरायला मी. मला मूल नाही, म्हणजे मी मोकळीच. सोळा वर्षं परडी धरते आहे.

घरी मावशीला सांगितलं. ती मशीनवर कुणाचा तरी झगा शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं."

"का?"

"का म्हणजे? कामं कमी आहेत का तुला?"

मातृदिन म्हटला की हिचं असंच. बोलवूनही कधी आली नाही. तिचं लग्न नाही, मूलबाळ नाही, तिला त्या दिवसाचं काय वाटणार? मलाही नाही म्हणा. पण मला निदान आई होती. सहा दिवस.

११ फेब्रुवारी, बुधवार

आज डोकं फिरलं आहे.

सुरुवात शोधायला म्हणून सभांच्या इतिवृत्तांच्या फायली उपसल्या. सुरुवात नाही सापडली, मधलंच सापडलं. अठरा वर्षांपूर्वीचा ठराव, क्रमांक सात. जसाच्या तसा उतरवते: 'तेवीस मार्च रोजी प्रमुख पाहुणे उपलब्ध होत नाहीत. तसेच इतरत्र मातृदिन मे महिन्यात साजरा होत असल्याने आपणही तो मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी साजरा करावा. सर्वानुमते मंजूर.'

म्हणजे आमचा मातृदिन मेचा नाहीच. आधी तो तेवीस मार्चला असायचा. मी इथे लागले त्याच्या दोन वर्षं आधी हलवला. आणि कशासाठी? पाहुणे मिळत नाहीत म्हणून! आयांचा दिवस, आणि तारीख ठरवणार हार घालून घ्यायला येणारा माणूस.

घरी येऊन जगात काय चालतं ते वाचत बसले. कुठे मार्चमध्ये, कुठे मेमध्ये, कुठे ऑगस्टमध्ये, कुठे थेट ऑक्टोबरमध्ये. एके ठिकाणी घरकामाला लांब राहणाऱ्या पोरींना वर्षातून एका रविवारी आईकडे जायला सोडायचे, त्यावरून तिथला दिवस ठरला. मे महिन्याचा दिवस ज्या बाईनं सुरू केला, तो तिनं स्वतःच्या वारलेल्या आईसाठी मागून घेतला होता, आणि पुढे त्याचा बाजार झाला म्हणून कार्डवाल्यांशी नि फुलवाल्यांशी ती मरेपर्यंत भांडली. वाचून बरं वाटलं. निदान एकीला तरी राग आला होता.

प्रत्येक ठिकाणी तारखेला काहीतरी कारण आहे. मग आमच्या तेवीस मार्चला काय होतं?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं. आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं, असंही वाटलं. पण तो विचार फार टिकला नाही.

रेकॉर्ड रूमच्या मागच्या लोखंडी कपाटात लाँड्रीच्या जुन्या नोंदवह्या आहेत. चाळीस वर्षांपूर्वीच्या मार्चची वही काढली. रोज किती चादरी आल्या, किती धुतल्या, आणि शेवटचा रकाना, 'उकळल्या का?' सात मार्चपर्यंत त्यात 'हो' आहे. आठ मार्चला: 'नाही. बॉयलर बंद. कळवले.' नऊला: 'नाही. कळवले.' दहाला तेच. असं बावीस तारखेपर्यंत, एकाच गोल गोल अक्षरात, पंधरा वेळा 'कळवले'. तेवीसच्या पानावर दोनच शब्द: 'काम बंद.'

त्याच वहीत घडी घातलेला एक टाइप केलेला कागद होता. वर 'करारनामा'. त्या पंधरा दिवसांत प्रसूती वॉर्डात सात बायका तापानं दगावल्या, असं त्यात सरळ लिहिलं आहे. लाँड्रीतल्या अकरा जणींनी तेवीस मार्चला दार आतून लावून घेतलं आणि न उकळलेली एकही चादर बाहेर देणार नाही म्हणाल्या. संध्याकाळी अधीक्षकांनी सही केली. बॉयलर दुरुस्त होणार वगैरे. आणि कलम चार:

'दरवर्षी याच तारखेस, मागील वर्षात येथे बाळंत झालेल्या कोणत्याही स्त्रीस धुलाई, स्वयंपाकघर, पाण्याची टाकी व प्रसूतिगृह उघडून पाहता येईल. तिला कोणी अडवणार नाही. या दिवसास मातृदिन म्हणावे.'

हा आमचा मातृदिन! आयांनी येऊन दारं उघडून बघायचा दिवस. आणि आम्ही सोळा वर्षं काय करतोय? गुलाब वाटतोय!

मागे सात नावांची यादी जोडली आहे. पाचवी माझी आई.

मला नेहमी सांगितलं गेलं, "ताप आला नि गेली." जणू ताप वाऱ्यावरून आला होता.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पान लिहून अधीक्षकसाहेबांकडे नेलं. करारनाम्याची नक्कलही जोडली. साहेब माणूस गोड. ओरडत नाहीत, हाच त्यांचा सगळ्यात मोठा दोष.

"वा, मेहनत घेतलीत," साहेब म्हणाले. "पण हे स्मरणिकेत नको."

"का, साहेब?"

"आनंदाच्या दिवशी मेलेल्या बायका कशाला? वाचणारी गरोदर असली तर?"

"मग दिवस सुरू कसा झाला म्हणून लिहू?"

"लिहा की, तेव्हाच्या अधीक्षकांच्या मनात मातृशक्तीबद्दल आदर होता."

"त्यांनी पंधरा दिवस बॉयलर दुरुस्त केला नाही."

"अहो, आता ते हयात नाहीत," साहेब म्हणाले. जणू त्या सात जणी आहेत!

मी कलम चारचं विचारलं. त्यावर हसले. "ते 'याच तारखेस' असं आहे ना? तारीख बदलली, कलम आपोआप गेलं. जुन्या गोष्टी आहेत."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण "बरं साहेब" म्हणून बाहेर आले. सोळा वर्षांची सवय. जिन्यात उभी राहून स्वतःला शिव्या घातल्या.

मग जिन्यातच लक्षात आलं. ठरावात 'साजरा करावा' एवढंच आहे. करारनामा कुणी रद्द केलेला नाही. सभेत त्याचा उल्लेखसुद्धा नाही. तारीख हलवताना कलम तिथेच मागे राहिलं. म्हणजे तेवीस मार्चला ते अजून लागू आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आठवडाभरात वॉर्डात तिघींना ताप. केसपेपर माझ्याकडे येतात म्हणून कळतं. दहा नंबरच्या खाटेवरची मुलगी तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. आज तिला मोठ्या इस्पितळात हलवलं. बाळ इथेच, तिच्या सासूजवळ.

जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम लाँड्रीकडे गेले. लाँड्री म्हणायचं नुसतं. गेल्या वर्षी चादरी बाहेर कंत्राटदाराला दिल्यापासून इथे फक्त गाठोडी उतरतात. बॉयलरची खोली उघडीच होती. आत बॉयलरला टेकून ठेवलेल्या प्लास्टिकच्या फुलांच्या कमानी. मातृदिनाच्या! गंजलेल्या नळावर कुणीतरी 'आई' अशी थर्मोकोलची अक्षरं अडकवून ठेवली आहेत.

गाठोड्यात हात घातला. दमट. वास आंबूस. मला त्यातलं काही कळत नाही, पण घरी मावशी धुते तशी ही चादर नाही, एवढं कळलं. मावशी दर रविवारी चादरी मोठ्या पातेल्यात रटरटा उकळते. मी कितीदा म्हटलं, अगं वॉशिंग मशीन घेऊ. ऐकत नाही. घरभर वाफ करून ठेवते.

मेट्रनबाईंना सांगितलं. "मी दोनदा लिहून दिलंय," त्या म्हणाल्या. "साहेब म्हणतात, ताप काय, कशानंही येतो."

दोनदा कळवले.

४ मार्च, बुधवार

जुने बॉयलर-मिस्त्री गावाबाहेर मुलाकडे राहतात. मी रजा टाकून गेले. ऐंशीच्या घरातले, कान गेलेले, पण आठवण पक्की; मी कुणाची भाची तेही ओळखलं. तो बिघाड आठवतो का म्हणून विचारलं.

"बिघाड कसला! एक झडप हवी होती. तळहाताएवढी. मागणी लिहून दिली, ती टेबलावर पडून राहिली पंधरा दिवस."

"आणि नोंदी कोण करायचं? रोज 'कळवले' लिहिणारी?"

मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिले. "थट्टा करतेस का म्हाताऱ्याची?"

"नाही हो, खरंच."

"अगं, तुझी मावशी. दार लावून घेतलं तेसुद्धा तिनंच. आम्ही तिला फौजदार म्हणायचो. बावीस-तेवीस वर्षांची पोर, पण साहेबाच्या टेबलावर हात आपटून बोलली होती."

मावशी दोन वर्षं लाँड्रीत होती, हे मला माहीत होतं. ती नोकरी माझ्या जन्माआधी सोडली, असं मी धरून चालले होते. कुणी तसं सांगितलं नव्हतं. कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

परत येताना बसमध्ये आठवत होते: ते गोल गोल अक्षर मी रोज बघते. कपड्यांच्या मापांच्या चिठ्ठ्यांवर. आणि मला ओळखता आलं नाही.

५ मार्च, गुरुवार

भांडण झालं. मी केलं.

वहीची नक्कल तिच्यापुढे टाकली. "हे तुझंच ना?"

तिनं चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढला. "कुठे मिळालं?"

"चाळीस वर्षं माझ्यापासून लपवलंस! मला वाटलं तू भित्री आहेस. लोकांचे कपडे शिवत कोपऱ्यात बसलेली. आणि तू दार लावून घेतलं होतंस! माझी आई कशानं गेली ते तुला ठाऊक होतं, आणि मी त्याच लोकांच्या गुलाबांची परडी धरत होते, तरी गप्प बसलीस?"

तिनं उठून जेवण वाढलं. मी जेवले नाही. तीही जेवली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

मी फार बोलले का? पण राग खरा आहे. दुसऱ्यांसाठी एवढी लढली, आणि मला साधं खरं सांगता येऊ नये? स्वतःची मुलगी असती तर सांगितलं असतं.

हे शेवटचं वाक्य मी तिच्या तोंडावरही म्हणाले. लपवून काय करू.

९ मार्च

घरात कामापुरतं बोलणं. "दूध संपलंय." "आणते."

वॉर्डात आणखी एकीला ताप.

१४ मार्च, शनिवार

आज चाळीस पूर्ण झाली. दुपारी मावशी मशीनवरून उठली, समोर येऊन बसली नि म्हणाली, "ऐक. एकदाच सांगेन."

जसं सांगितलं तसं लिहायचा प्रयत्न करते.

"तुझ्या आईला मीच इथे आणलं. गावाकडे नको म्हटलं, माझं इस्पितळ आहे, माझी माणसं आहेत. तू झालीस त्या दिवशी बॉयलर बंद पडून आठवडा झाला होता. मी रोज लिहीत होते. मला वाटायचं, लिहिलं म्हणजे आपलं काम झालं. तिच्या खाटेवर चादर घालायची होती. मी स्वतः गठ्ठ्यात शोधली. त्यातली सगळ्यात पांढरी निवडून काढली. कडक घडी घालून, हातानं नीट पसरून दिली. ती म्हणाली, 'किती छान गं.'"

तिनं पदर मांडीवर तळहातानं सपाट केला.

"पांढरी होती. उकळलेली नव्हती."

"मावशी, तुझा काय दोष?"

"तिसऱ्या दिवशी ताप आला. सहाव्या दिवशी गेली. त्यानंतर तीन दिवसांनी मी दार लावलं. ते दार आठ तारखेला लावायला हवं होतं. लोक मला फौजदार म्हणायचे. कसली फौजदार! आठ तारखेला लावलं असतं तर सातही जणी..." पुढचं तिनं बोटांवर काहीतरी मोजलं आणि सोडून दिलं. "महिन्याभरात मला कामावरून काढलं. 'शिस्तभंग.' बरंच झालं. तुला सांभाळायला हात मोकळे हवे होते."

मला वाटायचं, माझ्यापायी हिनं पुन्हा कुठे नोकरी धरली नाही. तसं कधी विचारलं नाही, पण लहानपणापासून ते माझ्या पोटात होतं.

मी म्हटलं, "दोष त्या झडपेवाल्यांचा आहे. टेबलावर कागद दाबून बसलेल्यांचा. तुझा नाही." फार चिडून म्हटलं, ती ऐकेना म्हणून आणखी चिडून. ती नुसती मान हलवत होती. मग उठून चहा ठेवला.

मग मी तिला कंत्राटदाराच्या गाठोड्यांचं सांगितलं. चौघींच्या तापाचं सांगितलं. तिच्या हातातला कप तसाच राहिला.

"वास कसा होता?" तिनं विचारलं.

"आंबूस."

"किनार बघितलीस? दुमडीत?"

"नाही. मला काय कळतं?"

"हं," म्हणाली. उठून कप विसळायला गेली.

१६ मार्च, सोमवार

कलम चारप्रमाणे मला दार उघडता येत नाही. मावशीलाही नाही. आम्हा दोघींपैकी कुणीच इथे बाळंत झालेली नाही. ज्यांना येतं त्यांना ते ठाऊकच नाही. किती सोयीचं!

सोमवारी नि गुरुवारी लसीकरण असतं. बाहेरच्या बाकांवर तीस-चाळीस आया लेकरं घेऊन बसलेल्या असतात. सुट्टीत तिथे जाऊन उभी राहिले. पहिलीशी बोलले, तर तिला वाटलं मी काहीतरी विकायला आले आहे. दुसरी म्हणाली, "आम्हाला कोण आत सोडणार?" करारनामा दाखवला तर तिसरीनं विचारलं, "हे खरं आहे?"

जुळ्यांची आई, शाळेत शिक्षिका आहे, तिनं कागद दोनदा वाचला. "यात लिहिलंय, 'तिला कोणी अडवणार नाही.'"

"हो."

"मग मी येते," ती म्हणाली. "माझे टाके पिकले होते. मला सांगितलं, तुम्ही स्वच्छता पाळली नाही. मला!"

तिच्या आवाजानं बाकीच्या वळून बघायला लागल्या.

१९ मार्च, गुरुवार

आज आणखी बोलले.

मेट्रनबाईंनी गाठलं. "काय चालवलंयस? नोकरी जाईल." मी म्हटलं, तुम्ही दोनदा लिहून दिलंत, तिसऱ्यांदा द्या. त्यांचा चेहरा पडला. जरा जास्त झालं का? माहीत नाही. दहा नंबरवाली अजून मोठ्या इस्पितळातच आहे. तिची सासू बाळाला खांद्यावर टाकून वऱ्हांड्यात फेऱ्या मारते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, "काही कळलं का?"

नाही, जास्त नाही झालं.

२२ मार्च, रविवार

उद्या कुणीच आलं नाही तर? पाच जणी हो म्हणाल्या आहेत, पण हो म्हणणं वेगळं. लेकुरवाळ्या बायका. घरचे सोडतील का? मी एकटी कागद हातात घेऊन उभी दिसेन, आणि साहेब गोड आवाजात म्हणतील, "तब्येत बरी नाही का?"

मावशीला विचारलं, येशील? "मला काय काम तिथे," म्हणाली.

२३ मार्च, सोमवार

सगळं लिहायचं आहे.

दहा वाजता कंत्राटदाराची गाडी येते. पावणेदहाला मी लाँड्रीच्या दारात. कुणी नाही. पाच मिनिटांनी जुळ्यांची आई आली, एक पोर पुढे बांधलेलं, दुसरं नवऱ्याकडे. मग दोघी. मग आणखी. मोजल्या, नऊ जणी! चौघींना मी कधी पाहिलंही नव्हतं. एकमेकींनी सांगितलं होतं.

साहेब आले. कंत्राटदाराचा माणूसही मागे. "हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं. मी करारनामा पुढे केला. या वेळी माझ्या तोंडातून "बरं साहेब" आलं नाही. कागद मागे घेतला नाही.

जुळ्यांची आईच बोलली. "आम्ही इथे बाळंत झालो आहोत. आज तेवीस मार्च. आम्हाला बघायचंय."

"अहो ताई, तुम्हाला काय कळणार त्यातलं? चादरी आहेत."

त्यांनी कागद वाचला. माघार घ्यायची नाही आणि नऊ बायकांसमोर आवाजही चढवायचा नाही, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर चाललं होतं. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. ज्या बाळंत झाल्यात त्या पाच मिनिटं. बाकी कुणी नाही." बाकी कुणी म्हणजे मी.

त्या आत गेल्या. गाठोडी सोडली. वरच्या चादरी पांढऱ्याशुभ्र, इस्त्रीच्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कंत्राटदाराचा माणूस हसला. सगळं इथेच संपतंय असं वाटलं.

"वरची नको. मधली काढ."

मागे वळले. मावशी. घरच्या साडीवर, पायात शिवणकामाच्या वेळच्या चपला. दाराच्या उंबऱ्याशी उभी, पाय आत न टाकता.

"वरच्या नेहमी चांगल्याच लावतात," ती आतल्या बायकांना सांगत होती. "मधून ओढ. आता किनार उसव. दुमडीत बघ. काय रंग आहे?"

जुळ्यांच्या आईनं दातानं दोरा तोडला. "तपकिरी."

"नीट भिजवून उकळली असती तर दुमडीत राहिलं नसतं. नुसती बुचकळून काढली की तिथे राहतं. वास घे. आता दुसरी. कोणतीही घे, मी सांगत नाही."

दुसरी, तिसरी, सहावी. पांढऱ्या चादरींच्या किनारी एकामागून एक उसवत होत्या. एका बाईनं चादर खाली टाकली आणि आपलं बाळ दोन्ही हातांनी छातीशी धरलं. कुणी ओरडलं नाही. त्या न ओरडण्यानंच साहेब घाबरले असावेत.

साहेब मावशीकडे वळले. "तुम्ही कोण? तुम्ही इथे बाळंत झालात का?"

"नाही," मावशी म्हणाली.

"मग तुमचा काय संबंध?"

"मी इथून सहा दिवसांचं मूल घेऊन गेले. चाळीस वर्षं झाली. आत येऊ की नको, तुम्ही सांगा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. मेट्रनबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या ते मला कळलं नव्हतं. त्यांनी पुढे होऊन दुसरं कवाड ढकलून दार पूर्ण उघडलं आणि मावशीचा हात धरला. "या. बॉयलरची खोली दाखवा यांना. मी बाजूला उभी राहते."

मावशी आत गेली. कमानींमधून वाट काढत बॉयलरपाशी गेली, तळहातानं त्याची धूळ पुसली. मग नऊ जणींना एकेक नळ, एकेक काटा दाखवत होती. आवाज मोठा, ठणठणीत. मी तो आवाज आयुष्यात ऐकला नव्हता.

चाळीस वर्षं हिला शिवणयंत्रामागे बसवून ठेवलं. कुणी ठेवलं? मला सगळ्यांचाच राग येतो आहे. माझाही.

३१ मार्च

पुढे काय काय झालं ते थोडक्यात. नऊ जणींनी सही करून तक्रार वर पाठवली, मेट्रनबाईंनी स्वतःच्या दोन जुन्या पत्रांच्या नकला जोडल्या. कंत्राट थांबवलं. बॉयलरचा माणूस येऊन गेला, बॉयलर पंधरा दिवसांत सुरू करतो म्हणाला. तोवर चादरी दुसऱ्या इस्पितळातून उकळून येतात.

मला रेकॉर्ड रूममधून केसपेपरच्या खिडकीवर बदललं. 'प्रशासकीय सोय.' किल्ल्या काढून घेतल्या. करारनाम्याच्या नकला मात्र आता नऊ घरांत आहेत.

८ एप्रिल, बुधवार

खिडकीवर आज एक बारीकशी मुलगी आली, कपडे अंगावर लोंबणारे, बाजूला सासू, सासूच्या खांद्यावर बाळ. तपासणीसाठी केसपेपर हवा होता. जुना नंबर विचारला. "खाट दहा," म्हणाली.

मी खिडकीतून हात बाहेर काढून तिचा हात धरला. तिला काही कळेना. सासू म्हणाली, "आता बरी आहे हो," आणि मलाच धीर दिला.

१० मे, रविवार

कार्यक्रम झाला. जायचं नाही असं ठरवलं होतं, मग राग आला म्हणून गेले.

स्मरणिका छापून आली आहे. माझं पान नाही. 'तत्कालीन अधीक्षकांच्या मातृशक्तीविषयीच्या आदरातून' वगैरे आहे. तेही सहन केलं असतं. पण साहेब माईकवर उभे राहिले आणि म्हणाले, "यंदापासून आपल्या रुग्णालयानं एक अभिनव उपक्रम स्वतःहून सुरू केला आहे. वर्षातून एकदा माता येऊन आपली व्यवस्था पाहू शकतील." टाळ्या!

यंदापासून! स्वतःहून!

पुढचं ठरवून केलं नाही. मी उभी राहिले. "साहेब, कोणत्या तारखेला?"

साहेब गोड हसले. "ते आपण सोयीनं ठरवू. पाहुण्यांच्या..."

"तेवीस मार्च," मागून कुणीतरी म्हणालं. जुळ्यांची आई. मग दुसरी. मग मागच्या रांगांतून, पोरं मांडीवर घेतलेल्या, मी ओळखतही नसलेल्या बायका म्हणायला लागल्या. "तेवीस मार्च. तेवीस मार्च." घोषणा नाही, नुसतं सांगत होत्या, एखाद्याला पत्ता चुकला तर सांगावा तसं. थांबेनात. शेवटी साहेबांनी माईक तोंडाजवळ धरला आणि म्हणाले, "बरं. तेवीस मार्च."

मी खाली बसले.

घरी आले तर मावशी मशीनवर. "काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. तारीख विचारली. बायकांनी सांगितली."

"कोणती?"

"आपली."

"मोठ्यानं?"

"हॉलभर. साहेबांनाही माईकवरून म्हणावी लागली."

तिनं मान खाली घालून कापड सुईखाली सरकवलं. मी आत जाऊन तोंड धुतलं, कपडे बदलले, चहा ठेवला. तरी बाहेरून मशीनचा आवाज येईना. दोरा तुटला असावा.